टर्बो बदलण्याआधी त्याचे दोन पाइप बघा

दहा-बारा वर्षं चाललेली डिझेल गाडी. उभी केली की खाली रुपयाएवढा काळा डाग. हायवेवरून आल्यावर बॉनेटपाशी जळक्या ऑइलचा वास. पुढच्या सर्व्हिसला वेळ असतानाच डिपस्टिकवरची पातळी खाली. बॉनेट उघडावं तर टर्बोच्या आसपास सगळं काळं, तेलकट आणि वर धुळीचा थर. मग गॅरेजमध्ये निकाल ऐकायला मिळतो, "मालक, टर्बो गेलाय. बदलायला लागतंय."

टर्बो गेलेला असूही शकतो. पण अशा जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा टर्बो ठणठणीत असतो. गळत असतो तो त्याला ऑइल नेणारा नाहीतर त्याच्याकडून ऑइल परत आणणारा पाइप. पाइपाचा वॉशर काही रुपयांत येतो, टर्बोला हजारो रुपये मोजावे लागतात. त्यामुळे टर्बो खोलायला सांगण्याआधी गळती नेमकी कुठून आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं गाडीमालकाला परवडणारं आहे. त्यासाठी मिस्त्री असावं लागत नाही. टर्बोकडे ऑइल कसं जातं आणि कसं परत येतं, एवढं समजलं तरी पुरे.

आपल्याकडे रस्त्यावर अशा गाड्या अजून भरपूर आहेत. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, लिनिया, पुंटो या सगळ्यांत बसलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मुळात फियाटचं. ते आपल्या रांजणगावातही बनायचं. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने हे इंजिन बंद केलं, पण विकलेल्या गाड्या पळतायत. शिवाय बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, इनोव्हा आहेतच. इंजिनं वेगवेगळी असली तरी टर्बोला ऑइल पुरवण्याची पद्धत सगळ्यांत जवळपास सारखी आहे.

टर्बोला ऑइल कशाला लागतं

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं, एका दांड्यावर बसवलेलं, चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद मिळणार. एवढाच टर्बोचा खेळ.

अवघड भाग मधल्या दांड्याचा आहे. लहान गाडीच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे मारू शकतो. एवढ्या वेगाला बहुतेक जुन्या टर्बोंत बॉल बेअरिंग नसतं, साधे बुश म्हणजे धातूच्या गोल नळ्या असतात. दांडा आणि बुश यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते आणि त्या फटीत दाबाने आलेलं ऑइल. दांडा त्या ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागतच नाही. ऑइल काही सेकंद आलं नाही तर धातू धातूवर घासतो आणि बुश खराब होतो.

ऑइलचं दुसरं काम थंड करण्याचं. धुराच्या बाजूचं चाक चढावर सातशे अंशांपर्यंत तापतं. ती उष्णता दांड्यातून मधे सरकते आणि ऑइल ती घेऊन खाली जातं. या वर्गातल्या बऱ्याच जुन्या डिझेल टर्बोंना पाण्याची लाइन नसते, थंडावा देणारं असं एकटं ऑइलच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा बॉनेटखाली काय परिस्थिती असेल याची कल्पना करा.

जाणारा आणि येणारा

टर्बोला ऑइल पुरवणारा पाइप बारीक असतो, बहुधा स्टीलचा. इंजिनाच्या ब्लॉकमधून किंवा ऑइल फिल्टरच्या बैठकीतून निघतो आणि टर्बोच्या मध्यभागी वरून बसतो. यात पंपाचा दाब असतो: गरम इंजिनात चालू गाडीला साधारण दोन ते चार बार, थंड इंजिन नुकतं सुरू केल्यावर त्याहून जास्त.

परतीचा पाइप जाड असतो. तो टर्बोच्या पोटातून निघून खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीकडे जातो आणि त्यात दाब अजिबात नसतो. ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. ते उतरताना फेसाळलेलं असतं, कारण दांड्याने ते घुसळलेलं असतं आणि त्यात थोडा धूरही मिसळलेला असतो. फेसाला जागा जास्त लागते, म्हणून हा पाइप जाड आणि जमेल तितका सरळ उभा ठेवलेला असतो.

गळतीबद्दलचे अर्धे गैरसमज या दुसऱ्या पाइपामुळे होतात. नळ जोरात सुरू आहे आणि मोरीचं जाळं तुंबलंय, तर पाणी घरातच पसरणार. टर्बोचंही तसंच. परतीची वाट अडली की वरून दाबाने येणारं ऑइल मधेच साठतं आणि दोन्ही चाकांच्या बाजूंनी बाहेर पडू लागतं. लोक म्हणतात, टर्बोचं सील गेलं. पण टर्बोच्या दांड्यावर रबराचं सील नसतंच. पिस्टनच्या रिंगसारखी एक पातळ रिंग खाचेत बसवलेली असते. ती मुख्यतः धूर आणि हवेचा दाब अडवते. ऑइल अडवायला ती एकटी पुरत नाही, ऑइल पटापट खाली उतरून गेलं तरच ती टिकाव धरते. परत जाण्याची वाट न बघता नवीन टर्बो बसवला, तर तोही काही दिवसांत तसाच ऑइल फेकतो आणि मग गाडीमालक नव्या टर्बोला शिव्या देतो.

ही वाट अडण्याची कारणं तीन-चार आहेत. रबरी होज आतून फुगून अरुंद होतो. पाइपात कोळसा साठतो. चेंबरमध्ये ऑइल कमाल खुणेच्या वर भरलेलं असतं, त्यामुळे वरून येणाऱ्या ऑइलला जागाच मिळत नाही. किंवा इंजिनाच्या पोटात गॅसचा दाब वाढलेला असतो. हा दाब ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी वाट) तुंबल्याने किंवा पिस्टन रिंग झिजल्याने होतो. तपासायला सोपं आहे: इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडा वाफारा स्वाभाविक आहे. झाकण उडू लागलं, भकाभक धूर आला, तर दुखणं बहुधा टर्बोत नाही, खाली इंजिनात आहे.

गळतंय नेमकं कुठून

ऑइल गळतं एका जागेहून आणि दिसतं दुसरीकडे. वरून सुटलेला थेंब इंजिनाच्या अंगावरून ओघळतो, पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्याने मागे ढकलला जातो आणि शेवटी ज्या कोपऱ्यातून टपकतो तिथेच आपलं लक्ष जातं. म्हणून पहिलं काम धुण्याचं. इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर किंवा ब्रेक क्लीनर मारून, ब्रशने घासून टर्बोच्या आजूबाजूचा भाग स्वच्छ करा आणि हवेने वाळवा. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर पाण्याचा झोत मारू नका.

धुण्याआधी मात्र एकदा टॉर्च मारून नीट बघून घ्या, कारण मळही बरंच सांगतो. आपल्याकडच्या धुळीने जुन्या गळतीवर जाड, कोरडी, काळी पापडी जमते. त्या पापडीत एखादी ओली चकाकती रेघ दिसली तर ताजं ऑइल तिथून वाहतंय. ती रेघ वरच्या दिशेने धरून गेलात की उगम बहुधा सापडतो.

आता गाडी सुरू करा आणि टॉर्च, छोटा आरसा घेऊन बघत राहा. हात आणि ओढणी-शर्टाची टोकं पंख्यापासून लांब ठेवा, कारण विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं आणि दाब जास्त, म्हणून पुरवठ्याच्या पाइपाची गळती पहिल्या एक-दोन मिनिटांतच दिसते. परतीच्या पाइपाची गळती उलट. ऑइल तापून पातळ झालं की मग ती झिरपायला लागते, त्यामुळे घाई करून तपासणी सोडू नका.

तरीही सापडलं नाही तर वाळवलेल्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि एक छोटी फेरी मारून या. पांढऱ्या पावडरवर ऑइलचा ओघळ लपत नाही.

टर्बोवर आळ आणणारे दुसरेही असतात. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या वरच्या पातळीला असतं, ते सुटलं की ऑइल थेट टर्बोवर उतरतं. व्हॅक्यूम पंपाचं पॅकिंग आणि ऑइल फिल्टरच्या बैठकीचा ओ-रिंग यांची गळतीही तशीच फसवते. इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होजच्या तोंडाशी थोडा ओलसरपणा असतो, तो बहुतेक वेळा ब्रीदरमधून आलेल्या वाफेचा. आतून हलका तेलकट थर असणं जुन्या डिझेल गाडीत चालतं. होज तिरका केल्यावर ऑइलची धार लागली तर मात्र गोष्ट वेगळी. आणि एअर फिल्टर नक्की बघा. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो. मग टर्बो हवा ओढायला जातो आणि हवेऐवजी आतलं ऑइल खेचून घेतो.

टर्बो खरंच झिजला आहे का, हे बघायला हवेच्या बाजूचा पाइप काढून, इंजिन थंड आणि बंद असताना, चाकाचं टोक बोटांनी हलवा. डावी-उजवीकडे अगदी किंचित हालचाल असणारच, कारण दांडा ऑइलवर तरंगण्यासाठीच बनवलेला आहे. त्याला प्ले आहे असं सांगून टर्बो बदलायला लावू देऊ नका. चाकाची पाती बाजूच्या भिंतीला लागत असतील, भिंतीवर घासल्याच्या खुणा असतील किंवा दांडा पुढे-मागे हलल्याचं हाताला जाणवत असेल, तर टर्बो गेला आहे.

अशा झिजलेल्या टर्बोने गाडी रेटणं धोक्याचं आहे. सायलेन्सरमधून निळा धूर भरभरून येत असेल तर ऑइल इंजिनात जाऊन जळतंय. प्रमाण वाढलं की इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावीने डिझेल बंद होतं, ऑइल नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन कोंडून बंद पडतं. तेवढं जमलं नाही तर गाडीतून उतरून लांब व्हा.

बाहेरच्या गळतीचा धोका आगीचा. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बोचं गरम घर यांवर ऑइल पडत राहिलं तर आधी वास येतो, मग धूर येतो आणि भरधाव चालवून थांबल्यावर ते पेटूही शकतं. पुरवठ्याच्या पाइपातून धार लागलेली असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नका, उचलून न्या. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तोपर्यंत टर्बोचं आणि कदाचित इंजिनाचंही नुकसान झालेलं असतं.

वॉशर, पाइप आणि होज

पुरवठ्याचा पाइप टर्बोला बहुतेक गाड्यांत बँजो बोल्टने बसतो. हा बोल्ट आतून पोकळ असतो, अंगाला आडवी भोकं असतात आणि पाइपाच्या गोल डोक्यातून आरपार जातो. डोक्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर. बोल्ट आवळला की मऊ वॉशर दबतो आणि दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचाखोचा भरून काढतो. एकदा दबला की तांबं कडक होतं. काढलेला जुना वॉशर नखाने चाचपून बघा, त्यावर गोल खोलगट वळ उमटलेला असतो. तोच पुन्हा लावला तर वळ आणि खाच जुळत नाहीत आणि महिन्याभरात तिथून ऑइल पाझरू लागतं. क्लच प्लेट किंवा हेडच्या कामासाठी टर्बोचा पाइप एकदा खोलला गेला आणि जुनेच वॉशर चढले, ही या गळतीची नेहमीची कहाणी.

आडगावात नवीन वॉशर मिळालाच नाही तर जुना वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकतात. त्याने तांबं पुन्हा मऊ होतं हे खरं आहे आणि अडीनडीला चालतं. पण सोलापुरात स्पेअरची दुकानं असताना असं करण्याचं कारण नाही. फक्त वॉशरचं आतलं-बाहेरचं माप आणि जाडी जुन्याशी जुळवून घ्या.

बोल्ट पोकळ असल्यामुळे नाजूक असतो. गळतंय म्हणून जोर लावून आवळला की आडव्या भोकापाशी तुटतो आणि तुकडा टर्बोत अडकतो. किती टॉर्कने आवळायचा हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पाना वापरा. काही इंजिनांत बँजो बोल्टच्या पोटात बारीक जाळी असते, ती कोळशाने तुंबते. बोल्ट हातात आलाच आहे तर उजेडात धरून बघा.

खोलताना इंजिन थंड, बॅटरीची केबल सुटी. वरचा उष्णता अडवणारा पत्रा काढावा लागतो आणि त्याचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर सकाळी हाल होत नाहीत. खालून काम असेल तर गाडीला स्टँड लावा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. पाइपाचा नट फिरवताना दुसऱ्या पान्याने खालचा भाग धरून ठेवा, नाहीतर पाइपच पिळला जातो. उघड्या भोकांवर स्वच्छ टेप लावा. वाळूचा एक कणही तिथे आत जाता कामा नये.

आणि सीलंट नको. जोड भरायला सिलिकॉन, एम-सील, टेप यांतलं काहीही या पाइपांवर लावू नका. आवळताना आत दबलेला सिलिकॉनचा तुकडा सुटतो आणि ऑइलबरोबर थेट त्या शतांश मिलिमीटरच्या फटीकडे जातो. परतीच्या फ्लँजलाही (पाइप बोल्टने जोडणाऱ्या सपाट तोंडालाही) धातूचं किंवा कंपनीने दिलेलं पॅकिंगच वापरा. आत ओघळलेला सिलिकॉन वाट अरुंद करतो आणि मग वर सांगितलेला सगळा प्रकार सुरू होतो.

पाइप धातूचा आहे आणि त्याला चीर गेली आहे, असंही होतं. आधारासाठी पाइपाला एक छोटी क्लिप असते. ती कुणीतरी काढून पुन्हा लावलेली नसते, पाइप मोकळा थरथरतो आणि वाकाच्या जागी तडकतो. ब्रेझिंग करून देणारे आहेत आणि घरी पोचण्यापुरतं ते ठीक, पण आतली पपडी सुटून पुढे टर्बोतच जाते. नवीन पाइप घ्या. जुना पाइप आतून कोळशाने भरलेला असेल तरी नवीनच घ्या. तारेने खरवडून तो पूर्ण साफ होत नाही.

हायड्रॉलिक होज बनवून देणाऱ्या दुकानातून पाइप करून घ्यायचा असेल तर एक काळजी घ्या. साधा रबरी हायड्रॉलिक होज साधारण शंभर अंशांपर्यंतच्या कामाचा असतो, टर्बोजवळ तो भाजून कडक होतो आणि फुटतो. आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला होज मागा. परतीच्या पाइपासाठी बाजारात निळे चकचकीत सिलिकॉन होज सुचवले जातात. ते हवेसाठी किंवा पाण्यासाठी उत्तम, पण साधं सिलिकॉन इंजिन ऑइलमध्ये फुगतं आणि पाझरतं. आतून ऑइल सोसणारं अस्तर असलेलाच होज हवा, नाहीतर कंपनीचा मूळ होज. परतीच्या होजला वळसा किंवा चढ येऊ देऊ नका.

पहिला स्टार्ट

सगळं बसवल्यावर चावी मारण्याची घाई इथेच नडते. टर्बो आता कोरडा आहे. पुरवठ्याचा पाइप जोडण्याआधी त्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल थोडं थोडं ओता आणि हवेच्या बाजूचं चाक बोटाने फिरवत राहा, म्हणजे ऑइल बुशपर्यंत पोचतं. मग पाइप जोडा. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, उदाहरणार्थ फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा इंजेक्टरचे कनेक्टर काढून, स्टार्टर थोडा-थोडा वेळ मारा. ऑइलचा दिवा विझला की दाब आला. त्यानंतरच गाडी सुरू करा आणि काही मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका. ऑइल जुनं असेल तर ते आणि फिल्टर याच वेळी बदला, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच.

पुढे पाइप पुन्हा कोळशाने भरू नये याची काळजी चालवणाऱ्याच्या हातात आहे. पुण्याहून इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत भरधाव आलात आणि ढाब्यावर वळून लगेच चावी फिरवली, की पंप थांबतो, पण टर्बोचं घर तापलेलंच असतं. आतलं थांबलेलं ऑइल तिथेच करपतं आणि कोळसा होतो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, किंवा थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. गावातल्या गावात फिरताना याची गरज नाही.

दुरुस्तीनंतर एक परीक्षा घ्या. तुळजापूरचा घाट चढून-उतरून या, गाडी थंड होऊ द्या, मग बँजोच्या खाली आणि परतीच्या फ्लँजभोवती पांढरा कागद फिरवा. बँजोजवळ कागदाला ऑइल लागलं तर टॉर्क आणि वॉशरचं माप पुन्हा तपासा. फ्लँजजवळ लागलं आणि पॅकिंग नवीन असेल, तर फ्लँजचा पृष्ठभाग उष्णतेने वाकलेला असण्याची शक्यता जास्त. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड येतो का बघा. येत असेल तर फ्लँज काढून लेथवाल्याकडे तोंड सपाट करून घ्या आणि नव्या पॅकिंगने बसवा.